बारदान वजा जाता

चौतीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी होतो.
हळदीच्या पोत्यांशिवाय फारसं काही तोललं नाही.
आता टेबलावर बावीस पानांचा करार
आणि समोर ऋतुराज मगदूम,
टॅबवर माझंच घर बोटांनी मोठं करून दाखवतोय.
वरून बघितलं तर केवढंसं आहे.
टाकी दिसते. तारेवर शालनची जांभळी साडी दिसते,
म्हणजे फोटो काढला तो सोमवार असणार.

"एक रुपया आधी भरायचा नाही, काका.
पॅनल आमची, दुरुस्ती आमची.
तुम्ही महिन्याला एकवीसशे भाडं द्यायचं फक्त.
वीस वर्षं."

थांब, म्हटलं.
छप्पर माझं,
ऊन कुणाच्या सातबाऱ्यावर नाही,
आणि भाडं मीच भरायचं?
तो हसला. दिवसातून आठदा हसावं लागत असेल त्याला इथं.

कानावरची पेन्सिल काढली.
(कान गेला, पेन्सिल ठेवायची सवय गेली नाही.)
मे महिन्याचं बिल तीन हजार दोनशे,
डिसेंबरचं चौदाशे दहा,
सरासरी तेवीसशेच्या आसपास.
एकवीसशे वजा.
उरले त्यात मंडळाचा स्थिर आकार, तो काही चुकत नाही.
शिवाय दरसाल तीन टक्के वाढ, सोळाव्या पानावर, मुंगीच्या अक्षरात.
विसाव्या वर्षी छत्तीसशे ब्याऐंशी.
तेव्हा मी सत्याऐंशीचा.
असलो तर.

"आणि विजेचे दर काय झोपून राहणारेत, काका?"
तेही खरंच.
काट्याचं हेच वाईट,
दुसऱ्या पारड्यातही वजन असतं.

यार्डात पोतं आलं की आधी बारदान वजा.
मग कडता.
ओलीचा, मातीचा, नुसत्या रिवाजाचा.
अडत्या सांगायचा नाही का,
पोतं आणणारा विचारायचा नाही का,
आणि मी आकडा लिहून मोकळा व्हायचो.
इतक्या वर्षांनी
माझं पोतं काट्यावर आहे,
तर मी कडता शोधत बसलोय.

कलम अकरा : घर विकलं तर करार घेणाऱ्याच्या गळ्यात.
कलम चौदा : छतावर साठवण, बांधकाम,
तात्पुरतीही वस्ती करता येणार नाही.

"वस्ती?"
शालन आतून आली, हात ओले.
"एकोणीस साली आठ दिवस कुठं होतो आपण?"

गच्चीवर होतो.
खालचे भोकरे, त्यांची दोन पोरं, गाभण शेळी,
आरवाडे सर आणि त्यांचा इन्सुलिनचा थर्मास.
पाणी नवव्या पायरीवर.
रात्री कुणीतरी उठून
बॅटरीनं पायऱ्या मोजून यायचं
आणि न बोलता परत आडवं व्हायचं.
आमच्या गावभागात गच्ची म्हणजे
बांधून ठेवलेली होडी.

ऋतुराजनं टॅब मिटला.
"पॅनलखाली तीन फूट जागा राहते, काकू."
मग जरा खाली बघून,
"आम्ही तेव्हा शाळेत होतो, छावणीत.
भाड्याची खोली.
गच्चीला मालकाचं कुलूप होतं."

चहा झाला. दुसऱ्यांदा झाला.
शालननं आरवाडे सरांकडून खडू मागून आणला,
वर गेली,
टाकीपासून कठड्यापर्यंत रेघ ओढली, वाकडी.
"त्या अंगाला तुमचं. ह्या अंगाला माणसं."
"एवढ्यात तीन किलोवॅट बसत नाही, काकू."
"मग दोन बसव."
त्यानं लिहून घेतलं.
ऑफिसला विचारतो म्हणाला.

पंधरा दिवस झाले, फोन नाही.
रेघ पुसट झालीय.
पण सोमवारी जांभळी साडी अलीकडच्या तारेवरच पडते,
आणि सकाळी फेऱ्या मारताना
रेघेपाशी आलो की मी आपसूक वळतो.
पलीकडं ऊन पडलेलं असतं,
कुणी न तोललेलं.