डावा गाल

सोनगीरच्या फाट्यावर, पहाटे तीनला,
तापीपलीकडचा जथा येतो
तेव्हा आधी टेम्पोवरचा भोंगा येतो,
मग निशाण,
मग कडेकडेने सरकणाऱ्या पन्नास-साठ सावल्या,
ट्रकच्या उजेडात
क्षणभर माणसं होणाऱ्या.

त्यातली एक
उजवा पाय किंचित घासत चालते.
तिच्याशेजारी मी घुसते.
"उनी का वं?" एवढंच ती विचारते,
आणि मग वणीच्या गडापर्यंत
आम्ही दोघी.

सुपडाबाई तिचं नाव.
तिच्याआधीची तीन वाचली नाहीत,
म्हणून जन्मल्याबरोबर तिला सुपात घातली.
हे तिने ललिंगच्या चढावर सांगितलं,
धापा टाकत, हप्त्याहप्त्याने.
मी काही बोलले नाही. चढ होता.
आर्वीच्या पुढे कुठेतरी मीही सांगून टाकलं:
नवरा दोन वर्षं बोलत नाही माझ्याशी,
मी शिलाई मशीनशी बोलते.
"मशीन हू तरी म्हनस ना?" ती म्हणाली.
पुढचा मैलभर आम्ही
पोटात कळ येईस्तोवर हसलो.

चैत्राचं ऊन नऊलाच डांबर मऊ करतं.
पुरमेपाड्याला बाभळीखाली पाठ टेकायची,
कळण्याची भाकरी, ठेचा, कुणी दिलेलं कलिंगड.
सुई माझी, शिंपिणीची.
तिची टाच मांडीवर घेऊन
फोडातून दोरा आरपार ओढायचा
आणि तसाच राहू द्यायचा, पाणी झिरपतं.
पाय लागला म्हणून ती दरवेळी
माझ्या मांडीला हात लावून कपाळाला न्यायची.
एका साली पांढरा दोरा संपला, जांभळा घातला.
टाच वळवून पाहत म्हणाली,
"आते झालर बी लाई दे."

पाच चैत्र असे.
तिचं गाव मला माहीत नव्हतं, आडनावही नाही.
ट्रकांच्या बाजूला ती,
कडुनिंबांच्या बाजूला मी.
ही सोय तिचीच. मला वाटायचं,
मोठी आहे, सांभाळून नेते.

मागच्या पोळ्यानंतर धुळ्याला
अस्तराचं कापड आणायला गेले,
पाचकंदीलच्या गर्दीत समोरून एक बाई आली,
हातात एक्स-रेचं मोठं पाकीट.
मी बाजूला झाले, तीही त्याच बाजूला झाली,
आणि मग तो पाय घासला.

उजव्या गालावर तिच्या
कानापासून हनुवटीपर्यंत
भाजल्याचा जुना डाग होता.
पाच वर्षं मी फक्त डावा गाल पाहिला होता.

तोंडासमोर उभं राहून काय बोलतात
आम्हाला ठाऊकच नव्हतं.
"बरी शे?"
"बरी."
"पानी?"
"जराखा."
तिने उजवीकडून पदर ओढला.
मी कापडाची पिशवी
या हातातून त्या हातात घेतली.
रिक्षावाला दोनदा ओरडून गेला.
शेवटी तीच म्हणाली,
"उभी काब्र ऱ्हायनी? चाल ना."

चाललो. आणि दहा पावलांत
जीभ सुटली दोघींची.
सुनेचं बाळंतपण, मुगाचा भाव,
माझा नवरा परवा "चहा" म्हणाला, एकच शब्द.
एक्स-रे तिचाच होता.
गुडघ्यातली गादी झिजली म्हणे डॉक्टर.
"गादीवर कधय बसनी मी?" ती म्हणाली
आणि स्वतःच आधी हसली.

ती आपसूक माझ्या उजव्या हाताला आली होती.
गाड्यांच्या बाजूला.
ट्रकपासून मला वाचवायची
की माझ्यापासून तो गाल,
मी विचारलं नाही.
दोन्ही असेल.

पांझरेच्या पुलावर मी
चप्पल नीट करायला म्हणून मागे राहिले,
आणि उठले ती तिच्या उजवीकडून आले.
तिने एकदा पाहिलं.
पदरापाशी गेलेला हात
अर्ध्यावर थांबला, खाली आला.

चाल मोडली नाही.
देवपूरचं स्टँड मागे पडलं
तेव्हा शिरपूरची गाडी लागलेलीच होती.