निरंक

आजोबा नाक्यावर कारकून होते, शिरोळच्या वाटेला.
आडवा बांबू. एका टोकाला दगड,
दुसऱ्याला दोरी,
आणि दोरीला आजोबा.

कोल्हापूरहून गुळाची गाडी यायची.
इथं एक पावती, ओढ्यापल्याड दुसरी,
कुरुंदवाडकरांची तिसरी.
सातगोंडा गाडीवान म्हणायचा,
"बाजारात पोचेस्तवर रव्याला मुंग्या कमी
आन् शिक्के जास्ती."

त्यांचा शेर मूठभर हलका, असं आम्ही म्हणायचो.
तेही म्हणायचे.
आमच्याबद्दल.
मुली मात्र बिनवजनाच्या जायच्या यायच्या;
आजी तिकडचीच.

मग एका मार्चात कागद आला,
संस्थानं संपली, सगळं एक.
आजोबांनी तो दोनदा वाचला
आणि दोरी सोडली.
बांबू दगडाच्या भारानं वर गेला,
तिथंच राहिला.

पहिली गाडी सातगोंडाचीच.
थांबली. बैलांनाच सवय.
"जा की."
"पावती?"
"लागत नाही आता."
तो खाली उतरला, बांबूकडं बघत राहिला.
"मग मी हद्द ओलांडली
हे मला तरी कसं कळायचं, मास्तर?"

आजोबांनी शेवटचं पान फाडलं.
माल: गूळ. रक्कम: निरंक.
खाली सही, नेहमीपेक्षा मोठी.

परवा निपाणीला जाताना
कोगनोळीच्या टोलनाक्यावर
गाडीच्या काचेवरची चिकटपट्टी वाचून
दांडा आपोआप वर गेला.
कुणी काही विचारलं नाही.
मागची गाडी हॉर्न मारत होती,
आणि मी काच खाली करून
हात बाहेर काढून बसले होते.