काळा उजेड

ओजस म्हणाला, काकू, तुमच्याकडे म्हणे काळा दिवा आहे.
आहे. निवृत्त झाले तेव्हा बँकेने शाल दिली, श्रीफळ दिलं,
आणि भंगारात निघालेला हा दिवा
मी मागून घेतला.

एकतीस ऑक्टोबर. चेंबूर. सी विंगचं क्लबहाऊस,
म्हणजे कॅरम बोर्ड आणि सोसायटीच्या सतरंज्या ठेवायची खोली.
पोरांनी लोहार चाळीतून चार जांभळ्या ट्यूब आणलेल्या,
खिडक्यांना कचऱ्याच्या काळ्या पिशव्या लावलेल्या,
कंदिलाच्या उरल्यासुरल्या कागदाची वटवाघळं.
भाजीवाल्याने डांगर दिलं ते अर्धंच कापून,
म्हणून भुताला अर्धंच तोंड.

मी म्हटलं, महागाचे रंग आणू नका.
बरण्यांत टॉनिक वॉटर ओता, निळं पेटेल.
हळद स्पिरिटमध्ये कालवा, पोपटी होईल.
कपड्यांची पावडर भिजवून भिंतीवर बोटांनी लिहा काय हवं ते,
दिवसा दिसणार नाही, सेक्रेटरी ओरडणार नाही.
झीनत म्हणाली, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?
एकतीस वर्षं, बाळा.
खिडकी क्रमांक चार.

मोठे दिवे घालवले.
ओजसचा शाळेचा शर्ट एकटाच उभा राहिला खोलीत.
बुटांच्या लेस आपल्या आपण चालू लागल्या.
भिंतीवर कुणीतरी लिहिलेलं: परीक्षा रद्द.

खरी नोट या उजेडात अंधारीच राहते.
धागा उजळतो, आकडे उजळतात, आणि केसाएवढे चार तंतू.
खोटी मात्र अख्खी पेटते,
पांढरीफटक, चादर पांघरलेल्या या कियानसारखी.
नव्या पोरांना मी काउंटरवर एवढंच शिकवायची,
फार उजळतं त्याच्यावर भरवसा नको.

मार्चअखेरची गर्दी होती.
हमीदा शेख, राहणार गोवंडी, काम जरीचं.
पाचशेच्या तीन, महिन्याच्या मजुरीतल्या.
तिन्ही पेटल्या.
आणि फटीतून आत सरकलेली तिची बोटंही पेटली,
नखांत अडकलेला टिकल्यांचा भुगा,
हिरवा, गुलाबी,
एवढा सुंदर रंग त्या काउंटरवर मी परत पाहिला नाही.
शिक्का मारला. पावती फाडून दिली. नियमच आहे तसा.
यात माझं काय खोटं, तिने हिंदीत विचारलं.
मी म्हटलं, नेक्स्ट.

पोरं हसत होती, हवेत नुसते दात.
मीही हसले,
तर कियान चादरीसकट मागे पडला.
माझे पुढचे दोन दात बसवलेले.
या उजेडात ते उजळत नाहीत.
झीनतने मोबाइलमध्ये दाखवलं,
तोंडात दोन काळी भगदाडं, आजूबाजूला निळसर हाडं.
अच्छा. म्हणजे तोंडात नियम उलटा.
तपासायला हा दिवा मी स्वतःकडे कधी वळवलाच नव्हता.

मेकअप न करता पहिलं बक्षीस मला.
चॉकलेट, आणि वर फर्माईश: भुताची गोष्ट सांगा.
सांगितली.
एक बाई होती, तिची बोटं अंधारात चमकायची.
मग?
मग तिला पावती मिळाली.
मग?
मग ती दाराकडे गेली, रांग पुढे सरकली.
यात भूत कुठाय, कियान म्हणाला.
दुसरी सांगा.

साडेदहाला वॉचमन ट्यूबलाइट लावून गेला.
बरण्यांत साधं पाणी. भिंत कोरी.
पावडर पुसायची होती,
पण कुणी कुठे काय लिहिलंय, दिसेना.
ओला फडका घेतला,
आणि एका टोकापासून
सगळीच भिंत पुसत बसले.