दुसऱ्यातून तिसऱ्यात

गाडी गरम झाली की देते धक्का.
थंड असताना नाही. वणीवरून निघाल्यावर
पहिले दहा-बारा किलोमीटर लोण्यासारखी,
मग मारेगावच्या अलीकडे कुठंतरी
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
मागून कुणी कमरेत बुक्की घातल्यासारखं.

शेठला कळत नाही.
ते मागच्या सीटवर फोनमध्ये रुईचा भाव करत असतात.
मला कळतं. चौदा वर्षं माझी पाठ
याच नोकरीवर आहे.

नागपूरच्या शोरूममध्ये पांढरी फरशी.
मला बाहेर बसवलं, कूलरपाशी.
गाडीला वायर लावली, पडद्यावर आकडा आला,
आकड्यामागून कागद आला:
संपूर्ण गिअरबॉक्स बदलणे.
सव्वाअकरा लाख, कर वेगळा.
शेठनी तो दोनदा वाचला,
चष्मा काढून, मग लावून.
मला कुणी काही विचारलं नाही.

करंजीच्या फाट्यावर, मागं पऱ्हाटीचं वावर,
टिनाच्या शेडमध्ये असतो अश्वघोष टेंभुर्णे.
पुण्याला नऊ वर्षं जर्मन गाड्यांखाली निजून
परत आलेला. का, ते सांगत नाही.

त्यानं बॉनेट उघडलं नाही.
माझ्याकडं पाहिलं.
"तुले कुठं लागते? पाठीले, का पायाले?"
"पाठीले."
"चढावर जास्त?"
"सपाटीवर. आन रिव्हर्स टाकला का
थोडी थांबते, मंग हलते."
"इंजन वरडते आन गाडी तिथंच, असं होते?"
"एखाद्या वेळी."
सोयरीक करताना सासऱ्यानंही
इतकं खोदून विचारलं नव्हतं.

मग गाडी खड्ड्यावर घेतली, इंजन चालूच.
बंद गाडीचं माप खोटं असते, म्हणाला,
तेल कोमट झालं का मंग पाहाचं.
खालून बोल्ट काढला.
तेलाची धार लागायला पाहिजे होती.
एक थेंब लोंबला, तिथंच राहिला.

"इथं लिवलं हाय, आयुष्यभराचं तेल."
मी वाकून स्टिकर पाहिला.
"कोनाचं आयुष्य, ते नाही लिवलं."

दोन बोटांत चोळलं, हुंगलं.
तपकिरी, पण जळकं नाही.
पॅन खाली आला. त्यातलं चुंबक
त्यानं फडक्यावर पुसलं,
राखाडी मऊ गाळ, उटण्यासारखा.
हा चालते, म्हणाला.
चमकते तुकडे निंघाले असते
तर मी बी नागपूरवाल्याचाच कागद देल्ला असता.

सापडलं ते असं:
वायरींचा गुच्छा जिथून गिअरबॉक्सात शिरतो
तिथली प्लास्टिकची बाही, अंगठ्याएवढी,
तिचं रबर कडक झालं होतं.
तेल पाझरत होतं वर्ष-दीड वर्ष,
आणि खालच्या पत्र्यानं ते सगळं
पोटात ठेवलं, जमिनीवर डाग पडू दिला नाही.

"म्हणजे एवढंच?" शेठ.
"एवढंच हाय, असं मी म्हनत नाही.
पहिले बाही, फिल्टर, तेल.
मंग दोनशे किलोमीटर चालवा.
तरी धक्का आला, तं आतलं खोलू.
लाखाचं काम शेवटी करा लागते, पहिले नाही."

शेठना हे पटलं नाही. त्यांना जिनिंगमधल्यासारखं
पाहिजे होतं, हा ढीग पास, तो नापास.
पण सव्वाअकरा लाखांचा कागद
खिशात होता, तो बोलला असावा.

बाही तिसऱ्या दिवशी आली,
एसटीच्या कंडक्टरनं रुमालात बांधून आणली.
बिल साडेअठरा हजार.
त्यात माझ्या पाठीचा हिस्सा
कुणी धरला नाही, मीही काढला नाही.

परतताना ऊन होतं. मुद्दाम एसी बंद ठेवला,
गरम होऊ दिली.
पहिला. दुसरा.
तिसरा कधी पडला, कळलंच नाही.
शेठ मागं झोपले, तोंड उघडं.
मारेगाव गेलं.
पाठ मात्र सीटपासून बोटभर पुढंच,
बुक्कीची वाट पाहत.
दोनशेपैकी एकतीस झाले होते.