कोपराने पाहिलेलं पाणी

दुर्पद येते कारापूरहून, पूल ओलांडून,
एका हातात चप्पल, पट्टा तुटलेली.
बाजाराला अजून तीन दिवस आहेत, म्हणते,
तोवर पायांना काय कळतंय.
येते ती थेट न्हाणीत.
भाणाखाली सोडणं सारते, चुडताची पात पेटवते,
आणि पाणी तापेपर्यंत
माझ्याशी एक शब्द बोलत नाही.

मी खोलीत, पोटाला जुनं सुती लुगडं गुंडाळून.
बाळ अठरा दिवसांचं, नाव नाही अजून.
दुर्पद त्याला सायबा म्हणते.

मी सगळं वाचलं होतं.
श्वास कसा सोडायचा, उकिडवं कसं बसायचं,
कळ आली की अंग आखडायचं नाही.
डिचोलीच्या बँकेत, काउंटरखाली,
पैसे भरायच्या स्लिपांमागे यादी केली होती:
दिवा मंद. कोणी बोलायचं नाही.
नाळ लगेच कापायची नाही.
रोहिदासकडून पाठ करून घेतली होती.

मग एकोणीस तास.
मग बांबोळी.
दिवे पांढरे, सगळे एकदम.
पाठीत सुई, आणि छातीखाली
माझं असं काही उरलंच नाही.
पडद्यापलीकडून रडणं आलं,
ते माझ्याच मुलाचं आहे
हे मला सांगावं लागलं कुणीतरी.

हे मी बोललेले नाही कुठे.
बघायला आलेल्या बायका विचारतात, नॉर्मल?
आणि मी चहा ठेवायला उठते,
टाके ओढतात तरी उठते.

आज पाठ चोळताना दुर्पदची बोटं
कमरेवरून पुढे आली आणि थांबली.
तिथे तेल नको, तिनेच ठरवलं.
नुसता तळवा ठेवला
दुधावर झाकण ठेवावं तसा.
"हांगाच्यान आयलो न्हय?
बरें. वाट ती वाट."

मग माझ्याकडे न बघता सांगू लागली.
शंभरावर नाळा कापल्या या हातांनी,
भिंतीवर कोळशाने रेघा होत्या,
थोरल्याच्या लग्नात घर रंगवलं, गेल्या.
दोघी जणी हातातच गार झाल्या.
तिसरीचं मूल आडवं.
मी हात धुतले, म्हटलं, माझ्याच्याने होणार नाही.
सासू शिव्या देत होती, वोयजीण कसली तू.
रात्री गाडी कुठली?
खाणीचा ट्रक अडवला, रस्त्यात मधोमध उभी राहून.
मालावर ताडपत्री, ताडपत्रीवर ती,
तिचं डोकं माझ्या मांडीत.
म्हापशाला आझिलोत पोचलो तर दोघी तांबड्या.
डॉक्टर विचारतो, यातलं रक्त कुठलं
आणि माती कुठली?

दुर्पद हसली तेव्हा तिचा एकच सुळा दिसला.
"तो चेडो आता पंच झालाय.
माझ्या नळाला पाणी आणून देईल तर शपथ."

मग पाटावर पाय पसरून बसली,
सायबाला नडग्यांवर उताणं घेतलं.
दारातून रोहिदास हळूच म्हणाला,
कानात तेल घालू नको, डॉक्टरीण सांगत होती.
"तें हांवें सोडून तीस वर्सां जालीं रे,"
ती म्हणाली, आणि त्याच्याकडून टॉवेल घेतला.

पाणी पडलं तसा तो किंचाळला,
मग मुठी सुटल्या, एकेक बोट,
मग डोळे उघडे ठेवून
छपराच्या कौलातल्या काचेकडे
बघत राहिला.

माझी पोलकी ओली झाली.
पहिल्यांदाच, न मागता.
दुर्पदने पाहिलं, पण त्याचं काही केलं नाही,
बाळाला फक्त गुंडाळून दिलं,
अंगाला अजून खोबरेलाचा वास,
आणि म्हणाली, "फाल्यां तूं बस.
मला बाजार आहे की नाही, चप्पल घ्यायची आहे."

तीन दिवस आहेत बाजाराला.
मी काही म्हटलं नाही.

पाजून झाल्यावर न्हाणीत गेले.
भाणात पाणी होतं अजून, निखारा धुमसत होता.
बाही वर केली, कोपर बुडवलं.
कढत.
एक तांब्या गार ओतला.
परत बुडवलं.