मापाच्या वहीतलं पान

पहिल्यांदा आली ती दारात वाकूनच,
एवढी उंच.
म्हणाली, "दिरा."
मला ऐकू आलं दीर.
कुणाचा दीर, काय झालं त्याला?
मग तिनं पिशवीतून टेबलावर सोडलं
निळं, उदबत्तीच्या धुरासारखं कापड,
पलीकडचं मशीन आरपार दिसावं असं.
हे दिरा. याच्या आत चमकीचा परकर,
वरून ओढणी.
थोडं तिच्या सिनेमातल्या हिंदीनं कळलं,
थोडं हातवाऱ्यांनी.

नाव होदन. गाव मोगादिशू.
आईच्या काळजाची झडप बदलायला मिरजेत आलेली,
दवाखान्यामागच्या लॉजवर.
डोक्यावरचं काढणार नव्हती,
मी टेप आतून सरकवला.
तीस वर्षं झाली, बोटांना दिसतं.
वहीत लिहिलं: उंची अठ्ठावन्न, खांदा साडेपंधरा,
नाव: दवाखान्यामागची.
दुसऱ्या दिवशी ते खोडलं.

पुढच्या खेपेला इरकल घेऊन आली,
मोरपंखी अंग, लाल टोपपदर,
लक्ष्मी मार्केटात घासाघीस करून घेतलेलं.
तिथंच जीन्सवर गुंडाळलं,
एक वेढा, उजव्या खांद्यावर गाठ, उरलेलं कमरेला.
"गुंतिनो."
हा शब्द मात्र मला सांगावा लागला नाही.
गुंतवायचं, तेच की.
आपलंच लुगडं,
वाटेत कुठंतरी उजवीकडं वळलेलं.

तिला हवं होतं
गाठीच्या आत लपलेले हुक, जिना चढताना सुटू नये म्हणून,
जीन्सच्या जाकिटाला काठाची पट्टी,
आणि खिसे. दोन. खोल.
लुगड्याला खिसा? मी हसले.
तिनं कमरेतून एकेक काढून टेबलावर मांडलं:
फोन, रक्ताचा रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं,
लॉजची किल्ली, अर्धं बिस्कीट.
स्टुलावर बसलेली आई काही बोलली नाही.
ओढणीचं टोक पुढं घेऊन गाठ सोडली,
आत नोटा, चौकोनी घड्या घातलेल्या.
माझी आई अशीच एसटीचे पैसे
कनवटीला लावायची
आणि कंडक्टरपुढं पाठ वळवायची.

कात्री घेतली आणि हात अडला.
इरकल कापायचं म्हणजे
कुणाच्या तरी मागावरचे दिवस कापायचे.
जैनब काजं करता करता म्हणाली,
"कापा काकी. तिला पळापळ आहे,
पूजेला बसायचं नाही."
कापलं.

घालून आली ती आरशासमोर थोडं थांबली,
आरशात अर्धीच मावली.
पायात पांढरे बूट, अंगात जाकीट, खांद्यावर गाठ,
दोन्ही हात खिशात.
बाहेर सतारीचे भोपळे उन्हात वाळत होते,
ते रंगवणारा पोरगा ब्रश तसाच धरून बघत राहिला.
आई गालात हसली.
टाके पडल्यापासून पहिल्यांदा, असं होदन म्हणाली.

पाचशेची नोट दिली. माझ्याकडं सुट्टे नव्हते.
"राहू दे," म्हणाली, चक्क मराठीत.
लॉजवाल्याकडून शिकली असणार,
तो तर कधी कुणाला राहू देत नाही.

टोपपदराची वीतभर पट्टी उरली होती.
ती मी माझ्या परकराला आतून लावली, तीन बाजूंनी.
चालताना दुकानाची किल्ली मांडीला लागते.
किल्लीसोबत तिचे चाळीस रुपये आहेत.
वहीतही तसंच आहे:
होदन, देणं चाळीस.