आठ ठोके

विश्वंभर तांबटांनी स्टूल फडक्यानं पुसून पुढे सरकवलं.
"बाई, तुम्ही कोर्टातल्या. एक शब्द पाहिजे, इंग्रजीत.
गंगापूर धरणाकडच्या कुठल्याशा रिसॉर्टचे
एकशे चाळीस तांबे आहेत.
प्रत्येकाच्या बुडाला लिहायचंय, हा हातानं मठारलाय."

भांडी बाजारात दुपारचे तीन.
पलीकडच्या दुकानात मशीनवर कुणाचं तरी
'सप्रेम भेट' किरकिरत होतं.
पुतण्यानं मोबाइलमधून तीन शब्द कागदावर उतरवले होते:
बीटन, हॅमर्ड, बॅटर्ड.
"तिन्ही एकच ना?"

एकच, म्हटलं तर.
बॅटर्ड मी आधी खोडला.
ज्याच्या अंगावरचे पोचे कुणी मोजत नाही त्याला तो लावतात,
एस.टी.च्या पत्र्याला, न्हाणीतल्या बादलीला, बायकोला.
"आणि भज्यांच्या पिठाला," पुतण्या म्हणाला.
ते बॅटर. पण हो, घराणं एकच.

बीटन तसा चांगला आहे, जुना, सुटसुटीत.
पायवाटेला चालतो, फेटलेल्या अंड्याला, सोन्याच्या पत्र्यालाही.
पण हरलेल्यालाही बीटनच म्हणतात,
आणि पाणी पिताना तांब्या हरलेला वाटू नये.

हे मी त्यांना सांगितलं.
सांगितलं नाही ते असं, की एकतीस वर्षं
सी.बी.एस.जवळच्या कोर्टात पंख्याखाली बसून
मी 'मारलं' या एका शब्दाचं इंग्रजी करत होते.

कौतिकाबाई, राहणार म्हसरूळ,
जबाबात म्हणाली होती, बदडलं.
चारची टपालाची पिशवी निघत होती.
मी लिहिलं, हिट.
मुंबईला, हायकोर्टात, समोरच्या वकिलानं विचारलं म्हणे,
हिट म्हणजे एकदाच ना?
कागदाला उत्तर देता आलं नाही.

बदडलं यात वेळ असतो.
आतून लावलेली कडी असते,
शेजारणीनं मोठा केलेला रेडिओ असतो.
हिट यात नुसता एक हात, आला आणि गेला.
निकाल काय लागला ते मी विचारलं नाही.
विचारता आलं असतं.

"हॅमर्ड लिहा," मी म्हणाले.
पुतण्या हसला. "दारू चढलेल्याला म्हणतात ते, काकू."
म्हटलं, चढू दे. द्राक्षांचं गाव आहे, खपून जाईल.

तांबटांनी बोटांवर इंग्रजी अक्षरं मोजली.
बीटनची सहा, हॅमर्डची आठ.
एक अक्षर, एक ठोका.
"म्हणजे दोनशे ऐंशी ठोके जास्त," ते म्हणाले,
"आणि पैसे तेवढेच."
मी स्टुलावर जरा सावरून बसले.

मग त्यांनी पोलादी ठशांचा डबा उपडा केला.
एच सापडला, ए सापडला, एम नव्हता.
वडिलांच्या वेळचा संच.
मिस्टर अँड मिसेस, मिस्टर अँड मिसेस ठोकून
एम केव्हाच झिजून मोडला होता.
झालं, मला वाटलं, बीटन. डब्यानंच ठरवलं.

त्यांनी डब्ल्यू उचलला,
चिमटीत फिरवला, उलटा धरला
आणि माझ्याकडे न बघता ठोकला.
शेजारी पुन्हा एकदा.
पाय फाकलेले, उभा राहिलेला, पण ओझं घेऊन.
"एमच आहे," ते म्हणाले.
"जवळजवळ," मी म्हणाले.
"बुड आहे बाई. कोण बघतंय?"

शेवटचा डी झाल्यावर तांब्या माझ्या हातात दिला.
मी बोट फिरवलं. आठही अक्षरं लागली,
दोन जरा जास्त.

उठता उठता विचारलं,
मराठीत घालायचं असतं तर? साधाच शब्द, चार अक्षरांचा.
"त्याला ठसे नाहीत," ते म्हणाले,
"छिन्नीनं, एकेक ठिपका.
वेळ लागतो."